एकच नग

साहेब, पुतळा तुम्ही फोडलात. जेसीबीवाल्याचं नाव पुढे करू नका. त्या बिचाऱ्याला फोन गेला, त्यानं दोन ठोसे मारले आणि तो पुढच्या कामावर निघून गेला. पाया खचला होता असंही सांगू नका. पाया जनू म्हात्र्यानं स्वतः भरला होता, आणि उभी केलेली वस्तू पडू न देणं हीच तर त्या माणसाची उभ्या जन्माची विद्या. तुमच्या कागदावर कारण लिहिलंय, ‘अश्लील’. सहा महिने आधी त्याच नागड्या पुतळ्याच्या चित्रावर तुमची सही आहे, तारखेसकट. म्हणजे तेव्हा नागडा चालत होता. मग मधल्या काळात काय चालेनासं झालं, ते तुम्हांला ठाऊक आहे. इतरांनाही कळू दे.

जनू मूळचा धरमतर खाडीकाठचा. बाप मिठागरावर राबला, पायांना भेगा पडून पडून गेला. जनूनं चौदाव्या वर्षी मिठाकडे पाठ फिरवली आणि पेणला गणपतीच्या कारखान्यात येऊन माती मळायला बसला. तिथून साच्यावर गेला आणि साचेवालाच झाला. आज बासष्टीचा आहे. साचेवाला म्हणजे काय, तर एक मूर्ती हातानं घडवायची, तिच्यावरून साचा काढायचा आणि त्यातून दोनशे, पाचशे, हजार नग ओतायचे. देशोदेशी त्याचे नग गेले, पण नगावर साचेवाल्याचं नाव नसतं, आणि जनूला त्याचं कधी काही वाटलं नाही.

रोह्याला वरसे रस्त्याच्या कडेला बाग करायचं तुमच्या हापिसानं ठरवलं. ‘विश्वसंस्कृती उद्यान’ असं भारदस्त नाव. पैसा रसायनाच्या एका कंपनीचा, त्यामुळे फाटकापेक्षा कंपनीचा फलक मोठा. बागेच्या एका कोपऱ्यात जुन्या ग्रीक, एट्रुस्कन आणि रोमन लोकांची माणसं करायची होती, आणि ते काम जनूच्या शेडमध्ये आलं. चित्रं घेऊन अनिता आली. बागेचा आराखडा तिचा. कलेच्या शाळेत शिकलेली, तिशीच्या आतली, कपड्यांची फिकीर न करता उपड्या बादलीवर बसणारी. जनूला ती पहिल्या दिवशीच पसंत पडली.

तिनं त्याला दाखवलं. ग्रीकांनी आधी जी माणसं घडवली ती कवायतीला उभी केल्यासारखी. छाती पुढे, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, दोन्ही पायांवर सारखा भार. पुढे कुणीतरी सगळा भार एका पायावर टाकला. दुसरा गुडघा सैल सुटला, कंबर एका अंगाला झुकली, खांदा उलट्या अंगाला उतरला, आणि दगडात जीव आला. एवढ्यासाठी त्यांना शंभरावर वर्षं लागली, असं तिनं सांगितलं तेव्हा जनू उठला. अर्ध्या चड्डीत, मातीनं माखलेला, भार एका पायावर टाकून, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“हा तर नाक्यावर एस्टीची वाट बगतोय,” तो म्हणाला. “ह्याला शंभर वर्सं?”

अनिता हसून हसून बादलीवरून पडायची बाकी राहिली.

एट्रुस्कन लोक त्याला जास्त जवळचे वाटले, कारण ते मातीवाले. भाजक्या मातीची मोठी पेटी, आत मेलेल्यांची राख, आणि झाकणावर नवरा-बायको आडवे रेलून बसलेले, जेवणाला बसल्यासारखे, ओठांत हसू. जनूची बायको धोंडुबाई चहा घेऊन आली होती. तिनं ते चित्र बराच वेळ निरखलं. जनमभर ह्याच्या पुढ्यात ताट वाढून उभी राहिले, असं लवंडून शेजारी जेवायला मिळालं असतं तर मीपण हसले असते, असं बोलून ती कप घेऊन गेली. रोमन लोकांची तऱ्हा तिसरी. त्यांची म्हातारी माणसं सुरकुत्या, चामखीळ, बोळकं तोंड, सगळ्यासकट. घरातलं मोठं माणूस गेलं की त्याच्या चेहऱ्याचं मेण घरातल्या कपाटात जपायचे आणि पुढच्या मयताला बाहेर काढायचे.

आणखी एक गोष्ट अनितानं सांगितली, आणि ती जनूनं पुढे आठवडाभर आळीत ज्याला त्याला पकडून ऐकवली. ग्रीकांचे खरे पुतळे बहुतेक पितळेसारख्या धातूचे होते. ते पुढच्यांनी वितळवले, भांडी केली, हत्यारं केली. उरले ते रोमन लोकांनी आपल्या बागांत लावायला दगडात काढलेल्या नकला. आज ग्रीक म्हणून जे बघायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं ही नक्कलच.

“म्हंजे साचेवाल्यांनी वाचवलं,” जनू म्हणाला. हे वाक्य तो आळीभर मिरवत फिरला. नेमकं हेच तो पुढे विसरला.

म्हातारा आणि जोडपं लवकर झालं. अडलं ते ग्रीक पोराशी. चित्रात पाठ दिसेना, कुल्ल्यापाशी खळगा कसा पडतो ते कळेना. जनूला गणपतीचं बसलेलं पोट तोंडपाठ होतं, उभ्या माणसाचं अंग नव्हतं. तेव्हा त्याचा मुलगा धनेश सुट्टीच्या दिवशी चड्डीवर शेडमध्ये उभा राहिला. धनेश सव्वीस वर्षांचा, पेणच्या बाजूला कबड्डीत चढाईसाठी नावाजलेला, आणि रोह्याला त्याच रसायनाच्या कंपनीत कामाला. वर्षभरापूर्वी लग्न झालेलं. बायको नमिता दाराशी उभी राहून त्याला चिडवत होती, आता बागेत तुला कावळे घाण करतील म्हणून.

जनूनं त्याच्या अंगाला खोबरेल चोपडलं आणि भागाभागानं प्लास्टर चढवलं. पोटरी, मांडी, छाती, पाठ. प्लास्टर सुकताना तापतं, धनेश ओरडत होता, बाप शिव्या घालत होता. शेवटी चेहऱ्याचाही साचा घे म्हणून धनेशनंच हट्ट धरला, नाकात नळ्या खुपसून घेतल्या आणि डोळे मिटून पडून राहिला. चित्रातला ग्रीक चेहरा लावायचा होता, धनेशचा नव्हे. हा नुसता चाळा. एकूण अकरा तुकडे निघाले. धनेशनं प्रत्येकावर पेन्सिलीनं आपल्या हातानं लिहिलं, ‘डावा पाय’, ‘उजवा दंड’, ‘थोबाड’, आणि ते माळ्यावर रचून ठेवले.

सतरा दिवसांनी दुपारच्या शिफ्टला कंपनीत टाकी फुटली.

धनेश घरी आला तो प्लास्टिकमध्ये, वर पांढरं कापड, त्याच्यावर दोऱ्या. बरोबर आलेल्या माणसानं सांगितलं की उघडू नका, बघण्यासारखं नाही. धोंडुबाई म्हणाली की तोंड नको, पाय तरी दाखवा, पाय माझ्या ओळखीचे आहेत. तेही नाही. लाकडं रचलेलीच होती. घरातून निघून जाळून येईपर्यंत जनूच्या हाताला मुलाचं अंग लागलं नाही, नुसतं प्लास्टिक लागलं.

बाराव्यानंतर तो माळ्यावर चढला. अकरा तुकडे खाली काढून ओळीनं मांडले. आतल्या बाजूला सगळं उलटं होतं, खड्ड्याच्या जागी उंचवटा, उंचवट्याच्या जागी खड्डा, पण सगळं होतं. कातडीची भोकं होती. गुडघ्यावर जुन्या जखमेचा वण होता. मांडीच्या तुकड्यात धनेशचे केस अडकून राहिले होते, तेलानं चिकटलेले. नमिता आली, तिनं पाठीच्या साच्यात हात घातला आणि तसाच ठेवला. तिला उठवायला धोंडुबाईला दोनदा यावं लागलं.

तेव्हा जनूनं ठरवलं की चेहरा दुसरा लावायचा नाही.

मुराद त्याचा जुना दोस्त. वीस वर्षं कुवेतला काढून आलेला, आता टेम्पो चालवतो, गणपतीच्या दिवसांत जनूचे नग तोच पोचवतो. कामाला लागायच्या आधी त्यानं जनूला बाजूला घेतलं. प्लास्टरचा साचा एकदाच चालतो, ओतलं की फोडूनच आतलं काढायचं, हे मुरादलाही ठाऊक होतं. म्हणून पुतळा निघाला की त्याच्यावरून रबराचा साचा काढून ठेव, रबर मी आणतो, एका दिवसाचं काम आहे, बागेतल्याला उद्या काही झालं तर घरात एक राहील, असं तो म्हणाला. नमितालाही तेच हवं होतं. तिनं सासऱ्याला तसं विचारलंही, तोंड वर न करता.

“माजा पोर काय नग हाय?” जनू म्हणाला. “सगली जिंदगी एकाचे हजार काढले मी. ह्याचा दुसरा काढला तर पयला खोटा.”

त्या माणसाची चूक ती हीच. हजार गणपती काढताना त्याला एकही खोटा वाटला नव्हता. नक्कल केली म्हणून माणूस उरतो, हे स्वतःच्या तोंडानं गावभर सांगून झालं होतं. पण पोराच्या वेळेला साचेवाल्याचा बाप झाला, आणि बापानं रबराला नाही म्हणून साचा फोडला. अकरा तुकडे जोडून आत ओतलं होतं, ते सुकल्यावर एकेक तुकडा छिन्नीनं उडवला, आतून पांढऱ्या सिमेंटचा आणि संगमरवराच्या पुडीचा धनेश बाहेर आला. साच्याचा चुरा त्यानं पाटीत भरला आणि स्वतः जाऊन खाडीत सोडला.

अंग उत्तम निघालं. भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल, कंबर झुकलेली, चढाईला निघायच्या आधी धनेश रेषेपाशी उभा राहायचा तसाच. जनूनं चड्डीच्या जागीही चित्राप्रमाणे घडवलं, ऑर्डर ती ऑर्डर. काही फडकं लाव, असं शेजारच्या बायका धोंडुबाईच्या कानाशी लागल्या. ती शेडमध्ये आली. तिनं पुतळ्याला सगळ्या बाजूंनी पाहिलं, वाकून पायाची बोटंसुद्धा चाचपली.

“राहू दे तसाच,” ती म्हणाली. “मला बगू नाय दिला तेवा. आता बगू दे.”

बिघडलं होतं ते डोळ्यांपाशी. साचा घेताना धनेशनं डोळे मिटले होते, त्यामुळे पुतळ्याचेही मिटलेले. उभा, ताठ, आणि मेलेला. अनितानं सांगितलं होतं की डोळे कोरे ठेवा, जगभर असेच असतात. पण तिनंच एकदा बोलता बोलता हेही सांगितलं होतं की मुळात ते रंगवलेले असायचे, रंग काळानं धुऊन गेला. आणि पेणमध्ये डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय कारखान्यातून काहीही बाहेर पडत नाही. बिनडोळ्यांचा नग म्हणजे कच्चा माल. बाग उघडायला महिना असताना पुतळा मिटल्या डोळ्यांनीच चौथऱ्यावर चढवला, पण चार दिवसांत जनूला राहवेना, तो शिडीवर चढला. कोरणीनं पापण्या उघडल्या, ब्रश घेतला आणि बुबुळं आखली. धनेशचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा बारीक होता. तोही तसाच आखला.

आखणी झाली आणि तो ग्रीक राहिला नाही.

तोवर बागेत कामाला येणारे लोक त्याला ‘फॉरेनर’ म्हणत होते. डोळे आल्यावर वरसेतल्या कबड्डीच्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी ओळखला. कुणी हार घातला. कुणी पायाशी उदबत्ती लावली. मग हितेश आला. हितेश त्याच शिफ्टचा, टाकी फुटली तेव्हा डबा खायला बाहेर गेलेला, म्हणून वाचलेला. त्यानं हेल्मेट काढलं आणि ते पुतळ्याच्या पायाशी ठेवून दिलं. ते बघून दुसरे आले. सकाळची शिफ्ट सुटली की कामगार सरळ घरी जायचे ते आता बागेत थांबायला लागले. घोषणा नाही, काही नाही. नुसते उभे राहायचे आणि निघून जायचे. एका दुपारी कुणीतरी पुठ्ठ्यावर लिहून टेकवून ठेवलं की धनेश म्हात्रेनं टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणून रजिस्टरमध्ये दोनदा नोंद केली होती, ते पान कुठे आहे.

बागेच्या उद्घाटनाला कंपनीचे मोठे लोक यायचे होते, साहेब. त्यांना त्या पुठ्ठ्यापुढून चालत जावं लागलं असतं, आणि त्या डोळ्यांपुढून. तेव्हा तुम्हांला अचानक तो नागडा दिसला.

गुरुवारी जनूला फोन आला. पुतळा अश्लील आहे, तक्रारी आल्या आहेत, काढा. तो एस्टीनं रोह्याला गेला, तुमच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिला. तुम्ही भेटला नाहीत. शिपायाकरवी निरोप दिलात की सोमवारपर्यंत मुदत, स्वतः उचलून न्या.

खरं सांगायचं तर जनूला ते ऐकून बरंच वाटलं. बागेत ठेवून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हताच, कावळे बसतात, पोरं खडे मारतात. घरी न्यायचा, अंगणात उभा करायचा. परतताना त्यानं मुरादला गाठलं, सोमवारी टेम्पो घेऊन ये म्हणून सांगितलं, आणि थोडं घुटमळून म्हणाला की रबराचं तेवढं बघ, घरी आला की साचा काढून ठेवू, नमिताला एक देऊ. मुरादनं शनिवारी रबराचे दोन डबे आणून शेडमध्ये ठेवले.

सोमवारी सकाळी दोघं निघाले. टेम्पोत पेंढा पसरलेला, त्यावर धनेशची गादी, चार दोरखंड. धोंडुबाईनं अंगण सारवून घेतलं होतं, नमितानं जागा आखून दिली होती, ऊन कुठे पडतं ते बघून.

पुतळा नव्हता. चौथऱ्यावर उजव्या पायातली एक आणि डाव्यातली एक अशा दोन सळया वर आलेल्या, वाकलेल्या. पलीकडे मातीचं जोडपं रेलून हसत होतं, म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांवर ओरखडाही नव्हता. बागेचा रखवालदार पोपट नजर चुकवत होता. त्याच्याकडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. शनिवारी सकाळी दहाला जेसीबी आला. फोनवरून कुणीतरी सारखं विचारत होतं, झालं का, झालं का. डोकं आधी पाडायला सांगितलं होतं. मग डंपर आला आणि सगळं भरून घेऊन गेला.

कुठे, ते पोपटला माहीत नव्हतं. त्यानं ऐकलं होतं की खांब गावाला रस्त्याच्या भरावाचं काम चालू आहे, तिकडे. दुसऱ्या एकानं सांगितलं धरमतरला.

दोघं आधी खांबला गेले. भरावावरून रोलर फिरून गेलेला, वर खडी पडलेली. मुकादमाला विचारलं तर त्यानं विचारलं, तुमचं काय हरवलंय. जनूला सांगता येईना. मुलगा म्हणायचं की पुतळा म्हणायचं. मुरादनं त्याला दंडाला धरून टेम्पोत बसवलं.

धरमतरला जेट्टीच्या अलीकडे राडारोड्याचे ढीग होते. भिंतींचे तुकडे, फरशा, फुटकी बेसिनं, संडासाची भांडी. त्यातलं निम्मं पांढरं. जनू ढिगाऱ्यावर गुडघ्यांवर बसला आणि एकेक पांढरा तुकडा उचलून अंगठ्यानं चाचपायला लागला. त्याला डोळ्यांनी बघायची गरज नव्हती. कातडीची भोकं अंगठ्याला कळतात. गुळगुळीत लागलं की बाजूला टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. ऊन चढलं, अंगठा सोलवटला. मुराद काही वेळ त्याच्याबरोबर शोधत होता, मग टेम्पोच्या पायरीवर जाऊन बसला आणि रडला. दुपारनंतर तिथल्या माणसानं येऊन सांगितलं की हे ढीग तर महिन्यापासूनचे आहेत, शनिवारचं इथे काही आलेलंच नाही.

घरी धोंडुबाईनं रिकामा टेम्पो बघितला. तिनं गादी उचलली, झटकली, घडी केली. नमितानं विचारलं.

“बाबा, एक हात तरी?”

जनूनं अंगठा मुठीत लपवला. रबराचे डबे त्याला उघडवेनात, परतही देववेनात.

मंगळवारी तो तुमच्या हापिसात आला. कारकून वाईट नव्हता, त्यानं पाणी विचारलं. पण राडारोड्याची नोंद होत नाही, असं त्यानं सांगितलं. डंपर कुणाचा? माहीत नाही. चालक कोण? रोजंदारीचा. कुणी पाठवला? वरून. मग सोमवारपर्यंतची मुदत शनिवारी कशी संपली? ते साहेबांना विचारा. आणि साहेब मीटिंगला.

जनू आता साच्याला हात लावत नाही. गणपतीचं काम तोंडावर आलंय, कारखानदार दोनदा येऊन गेले. ह्याचा हात थरथरतो असं लोक म्हणतात. हात थरथरत नाही. पांढरं काहीही हातात आलं की त्याचा अंगठा आपोआप फिरायला लागतो. कपावर, भिंतीवर, नातेवाइकांच्या घरच्या फरशीवर. धोंडुबाई त्याचा हात धरून खाली ठेवते. अनिता एकदा येऊन गेली, फोनमधले फोटो देते म्हणाली. फोटोला पाठ नसते, असं जनू तिला म्हणाला.

त्यानं अर्ज दिलाय. स्वतःच्या हातानं लिहिलेला, अक्षर वाकडंतिकडं, पण वाचता येतं. त्यात नुकसानभरपाई मागितलेली नाही. तुमच्यावर कारवाई मागितलेली नाही. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं तेसुद्धा विचारलेलं नाही, ते हितेश आणि त्याचे सोबती विचारतीलच. अर्जात एकच गोष्ट मागितली आहे, आणि ती सांगायला तुम्हांला एक फोन पुरेल. तो डंपरवाला तुमचाच. अर्ज आवक झाल्याला आज सदतीस दिवस झाले. पोच मिळालेली आहे, शिक्का आहे.

साहेब, माणसाला आधी कंपनीनं प्लास्टिकमध्ये बांधून दिलं, आता तुम्ही रस्त्याखाली घातलंत की खाडीत, एवढंच त्याच्या आईला कळायला हवंय. धनेश कुठे टाकलात? जागेचं नाव लिहा, खाली सही करा, आणि कागद पेणला पाठवा. कधी पाठवताय?